पलीकडच्या वर्गातला तास

सहावीपासून दहावीपर्यंत आठवड्यातून दोनदा आमच्या वर्गाचे दोन भाग व्हायचे. घंटा झाली की दहा-बारा मुली पातळशी पुस्तकं घेऊन उठायच्या आणि पलीकडच्या वर्गात जायच्या. त्यांचा ‘कॅटेकिझम’चा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास. उरलेल्या आम्ही चाळीसेक जणी ‘मॉरल सायन्स’ शिकायचो. आमच्या पुस्तकात एक प्रामाणिक मुलगा असायचा, त्याला रस्त्यात पाकीट सापडायचं, तो ते परत करायचा, आणि धड्याखाली प्रश्न असायचा की तू काय केलं असतंस. सगळ्याजणी एकच उत्तर लिहायच्या. पलीकडे काय चालतं हे मात्र कळत नसे. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला एकदा विचारलं, तर म्हणाली, “सीक्रेट काही नाही गं, बोअर असतं.”

शाळा मुंबईच्या उपनगरातली, सिस्टरांची, अनुदानित. वर्गात गोव्याच्या, मंगलोरच्या, वसईच्या, ईस्ट इंडियन अशा ख्रिस्ती मुली होत्या आणि त्यांच्या तिप्पट-चौपट आम्ही. हे प्रमाण काही आमच्याच शाळेचं वैशिष्ट्य नव्हे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2021 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांमधले सुमारे 74 टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतले नाहीत असं नोंदवलं आहे. अहवालाचा सूर तक्रारीचा आहे: ज्यांच्यासाठी घटनेने हक्क दिला ते यात आहेतच किती? मला त्याच आकड्यात दुसरा प्रश्न दिसतो. चारातली तीन मुलं ज्या श्रद्धेची नाहीत, त्या श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या शाळेत एकत्र जगणं म्हणजे काय? आणि त्या जगण्यात श्रद्धेचं काय करायचं, ती दाखवायची, झाकायची, की वाटून टाकायची?

बहुतेक शाळांनी यातला मधला मार्ग काढला. श्रद्धा पलीकडच्या वर्गात ठेवली आणि तिच्यातून ‘मूल्यं’ काढून ती अलीकडे वाढली. हा मार्ग चुकला असं माझं मत आहे, आणि ते मत बनायला मला तीसेक वर्षं लागली.

एक उदाहरण देते. आमच्या मॉरल सायन्सच्या पुस्तकात एक गोष्ट होती. वाटेत चोरांनी एका प्रवाशाला मारहाण करून टाकून दिलेलं, दोघं जण बघून न बघितल्यासारखं करून निघून जातात, तिसरा थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेत नेऊन पैसे भरतो. बोध: संकटात सापडलेल्यांना मदत करावी. पुढे कधीतरी मी लूकचं शुभवर्तमान वाचायला घेतलं तेव्हा ही गोष्ट पुन्हा भेटली आणि मी चक्रावले. निघून गेलेले दोघं साधेसुधे वाटसरू नव्हतेच. एक पुरोहित होता, दुसरा मंदिराचा सेवेकरी. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परका, वाट चुकलेल्या पंथाचा, ज्याच्याशी उठबस नको असा माणूस. आणि गोष्ट सांगितली गेली होती ती मदत करावी का, या प्रश्नावर नव्हे. प्रश्न होता, शेजारी म्हणायचं कुणाला? म्हणजे येशूने आपल्याच देवळातल्या आपल्याच माणसांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं आणि मान दिला होता बाटग्याला.

आमच्या पुस्तकात यातला पुरोहितही नव्हता आणि शोमरोनीही नव्हता. कुणी दुखावू नये म्हणून दोघांनाही काढलं असणार. त्यामुळे झालं असं की जी गोष्ट आम्हा चाळीस जणींनाच नेमकी ऐकवायला हवी होती, तिचा चोथा आम्हाला मिळाला. आणि पलीकडे ती अख्खी सांगितली जात होती तिथे ऐकायला फक्त आपल्याआपल्यातल्याच मुली. शोमरोनी एकही नाही! मूल्यं काढून घेण्याचा हा धंदा दिसतो तितका निरुपद्रवी नाही. दया, प्रामाणिकपणा, सेवा हे शब्द कुठल्याही शाळेच्या भिंतीवर चालतात, बँकेच्या कॅलेंडरवरही चालतात. ते कुणालाच टोचत नाहीत, म्हणून मुलांच्या लक्षातही राहत नाहीत.

मग माझ्या लक्षात काय राहिलं? तास नाहीच. राहिल्या त्या बाकीच्या दिवसभरातल्या गोष्टी. मधल्या सुट्टीत चॅपेलचं दार उघडं असायचं आणि बोर्डाच्या परीक्षेच्या आठवड्यात मरियेच्या पुतळ्यापाशी हॉलतिकिटं ठेवायला सगळ्या जातिधर्मांच्या मुलींची रांग लागायची. ऑक्टोबर महिना जपमाळेचा. उपवासकाळात प्रत्येक वर्गात एक पुठ्ठ्याची पेटी फिरायची, खाऊचे पैसे वाचवून त्यात टाकायचे, आणि ती रक्कम कुठे गेली हे असेंब्लीत सांगितलं जायचं. डिसेंबरात गोठा करायचा. मेंढ्यांसाठी कापूस आमच्याकडून, शेण-गवताचा अनुभवही आमच्यातल्याच कोकणातून आलेल्या एकीचा. क्रूसाची खूण करायला कुणी शिकवली नव्हती, हाताला ती आपोआप लागली. एकदा घरी परीक्षेला निघताना देवघरासमोर माझा हात कपाळावरून छातीकडे गेला. आई दचकली. आजी म्हणाली, “चालतंय गं, देव काय हात मोजत बसतो?”

एकत्र जगण्यातून श्रद्धा रुजते, शिकवण्यातून नंतर, ही समजूत या शाळांच्या घडणीत फार जुनी आहे. 1563 साली रोममध्ये यान लेउनिस नावाच्या तरुण जेझुइटाने महाविद्यालयातल्या मुलांची एक मरियाभक्त मंडळी जमवली. रोज थोडी प्रार्थना करायची, गरिबांची सेवा करायची, एकमेकांवर लक्ष ठेवायचं. ही मंडळी पुढे जगभर पसरली. जेझुइटांनी 1599 मध्ये शाळा चालवण्याची जी नियमावली पक्की केली, तिच्यात तर प्रत्येक मुलाला वर्गातला एक प्रतिस्पर्धी नेमून द्यायची सोय होती, आणि वर्गाचे दोन तळ पाडून त्यांच्यात चढाओढ लावायची रीत त्यांच्या शाळांत रूढ होती. मुंबईत सेंट झेवियर्स हायस्कूल 1869 साली सुरू झालं ते जर्मन जेझुइटांच्या हातून. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्या जर्मनांना शत्रू ठरवलं आणि पुढे त्यांची जागा स्पॅनिश पाद्र्यांनी घेतली, पण शाळेचा दिनक्रम चालू राहिला. माणसं, देश, भाषा बदलल्या तरी घंटा, रांग, सकाळची प्रार्थना, वर्षाचा सण हे टिकतं. शाळेची श्रद्धा या दिनक्रमात मुरलेली असते, पुस्तकात कमी.

मात्र हाच दिनक्रम वाकडाही होतो. मामेबहिणीच्या लग्नाहून आले तेव्हा हातांवर मेंदी होती म्हणून मला तीन दिवस असेंब्लीच्या बाहेर उभं केलं होतं. टिकली, मेंदी, राखी यांवरून असे प्रसंग अजूनही अधूनमधून बातम्यांत येतात आणि दर वेळी त्यावर धर्माचं भांडण पेटतं. माझ्या मते तिथे धर्म नसतोच, किंवा असायला हवा तेवढा नसतो. गोव्याच्या ख्रिस्ती नवरीला चुडा भरतात. वसईच्या म्हाताऱ्या लाल लुगडं नेसून मिस्साला जातात. मेंदीची अडचण शुभवर्तमानाला नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय मुलींच्या बोर्डिंगमधून आलेल्या टापटिपीच्या कल्पनेला आहे. आपल्याकडे ती कल्पना ‘डिसिप्लिन’ या नावाने देवाच्या शेजारी जाऊन बसली. जी सिस्टर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत जाऊन मलमपट्टी करत असे, तिनेच मला बाहेर उभं केलं, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं तिला वाटलंच नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता वाटतं, शाळेने आपली श्रद्धा कोणती आणि आपली सवय कोणती हे स्वतःलाच कधी नीट विचारलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला धर्मांतराचा संशय. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, ही गोष्ट मराठी घरात ऐकली नाही असा माणूस विरळा. या संशयावर फार शाई खर्च करायची माझी इच्छा नाही. पिढ्यान्‌पिढ्या लाखो मुलं या शाळांतून बाहेर पडली आणि आपापल्या गणपतीला घरी गेली, हे सगळ्यांना दिसतं. मला चिंता आहे ती संशयाने शाळेच्या मनात काय केलं याची. शाळा घाबरली. घाबरलेला यजमान पाहुण्याला नीट वाढत नाही.

2024 च्या एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी काही मार्गदर्शक सूचना काढल्या. या परिषदेच्या छत्राखाली सुमारे 14 हजार शाळा येतात, तेव्हा प्रकरण लहान नाही. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, असेंब्लीत घटनेची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा, असा त्यांचा रोख. पहिली सूचना तर घटनेतच आहे. अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडानुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत कुणालाही त्याच्या, किंवा अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हा मजकूर ठरला त्या संविधान सभेत जेरोम डिसूझा नावाचे मद्रासचे जेझुइट शिक्षक सभासद म्हणून बसले होते, हेही लक्षात ठेवावं. हा नियम ख्रिस्ती शाळांवर बाहेरून कुणी लादलेला नाही. आणि खुद्द व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 या एकाच दिवशी दोन दस्तऐवज मंजूर केले. एक ख्रिस्ती शिक्षणावर, दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर, ज्यात हिंदू धर्माचा नावाने आणि आदराने उल्लेख आहे. एकाच तारखेला, जणू एक वाचताना दुसरा हाताशी असावा म्हणून.

उद्देशिका म्हणण्यालाही माझा आनंदाने होकार आहे. सर्वधर्मीय खोलीपाशी मात्र मी अडखळते. ती कल्पना सद्भावनेतून आली आहे यात शंका नाही, आणि जिथे दगड पडण्याची भीती आहे तिथल्या मुख्याध्यापिकेला मी मुंबईत बसून शहाणपण शिकवणार नाही. पण अशी खोली मी पाहिली आहे. एका भिंतीवर ओम, चांद-तारा, क्रूस, चक्र एका मापाचे, एका रंगाचे, फ्लेक्सवर छापलेले. तिथे कुणीच बसत नाही. साने गुरुजींची प्रार्थना सगळ्या शाळांत चालते कारण तिच्यामागे एका माणसाची स्वतःची, घरच्या देवापासून सुरू झालेली श्रद्धा होती. ती सर्वांची झाली, पण आधी कुणाची तरी होती. फ्लेक्सवरची भिंत आधीपासूनच कुणाची नसते.

आपल्याकडे एक शब्द आहे, शेजारधर्म. तो मला इथे ‘सहिष्णुते’पेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. शेजारधर्माला दोन घरं लागतात आणि मधे एक भिंत लागते. भिंत पाडून एकच हॉल केला की शेजारी उरत नाही. दिवाळीला फराळाचं ताट जातं, नाताळला त्याच ताटात करंज्यांसारख्याच दिसणाऱ्या नेवऱ्या आणि कलकल येतात, ताट रिकामं परत द्यायचं नाही हा नियम दोन्ही घरांना ठाऊक असतो. मुंबईत हे शाळेबाहेर सहज चालत आलेलं आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला कोण कोण रांगेत उभं असतं ते पाहावं. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं वाहणाऱ्या बायकांना त्यांचा धर्म कुणी विचारत नाही. आणि तरी ते चर्च तसूभरही कमी कॅथलिक होत नाही. रस्त्यावरच्या भाविकांना जे जमतं ते शाळेतल्या शिकलेल्यांना अवघड का जावं?

आणि या घरात पाहुणे असणं हे आमच्यासारख्यांसाठी किती मोलाचं होतं, ते मला फार उशिरा कळलं. हिंदू मराठी मुलीला या देशात आपण ‘इतर’ आहोत असा अनुभव सहसा येत नाही. रेडिओवर, पाठ्यपुस्तकात, सुट्ट्यांच्या यादीत, सोसायटीच्या सत्यनारायणात ती घरीच असते. त्या शाळेत मात्र वर्षानुवर्षं रोज सकाळी मी एका अशा प्रार्थनेसाठी उभी राहिले जी माझी नव्हती, अशा सणाला सजावट केली ज्याची गोष्ट मला विचारून घ्यावी लागली. दुसऱ्याच्या घरात कसं वावरायचं, कुठे बोलायचं, कुठे नुसतं थांबायचं, हे मी तिथे शिकले. नॉन-ख्रिस्ती पालक या शाळांकडे इंग्रजीसाठी येतात, शिस्तीसाठी येतात. या शिक्षणाची त्यांच्या यादीत नोंद नसते.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची बाजू याच्या उलट होती. शाळेचं नाव तिच्या संताचं, सुट्ट्या तिच्या सणांच्या, पण वर्गात ती दहा-बारांतली एक. तुम्ही घरी कोणती भाषा बोलता, तुमचं मूळ आडनाव काय, तुम्ही कधी बाटलात, हे प्रश्न तिने आमच्याकडूनच ऐकले. मीही त्यातला एक विचारला होता. घर तिचं आणि उत्तरं द्यायची तिनेच. ही मुलं शाळेत आपल्या धर्माची वकिली करून थकतात आणि पुढे काहींना त्या धर्माचाच कंटाळा येतो. कॅटेकिझमचा तास बंद दाराआड ठेवून आपण त्यांना वाचवतो असं शाळेला वाटतं. मला वाटतं, ती त्यांना एकटं पाडते. वर्षातून चार वेळा ते दार उघडावं, ज्याला यायचं त्याने पालकांच्या चिठ्ठीसह मागच्या बाकावर बसावं, आणि शोमरोन्याची गोष्ट पुरोहितासकट सांगावी. मॉरल सायन्सच्या तासाला मग कुणी आपल्या घरची एकादशी सांगेल, कुणी रोजा सांगेल, कुणी आंबेडकर जयंतीला बाबा भाषण कसं करतात ते सांगेल. यातून वाद होतील. शाळा वाद होण्यासाठीच असते, असं मला तरी वाटतं.

या सगळ्याला एक मोठी अट आहे आणि तिच्यापाशी शाळांची बाजू लंगडी पडते. पाहुणचार श्रीमंतांपुरता असेल तर तो क्लब झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली प्रमति प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, म्हणजे दुर्बल घटकांच्या 25 टक्के जागांच्या बंधनातूनही, मोकळं केलं. कायद्याने सूट दिली म्हणून ती घेतलीच पाहिजे असं कुठल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. सुताराच्या मुलाच्या नावाने चालणाऱ्या शाळेत सुताराचा मुलगा कुठल्या रांगेत उभा आहे, हा प्रश्न बिशपांच्या सूचनांपेक्षा तातडीचा आहे.

भाषेचंही तसंच. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची गोष्ट ओवीत बांधली आणि 1616 मध्ये गोव्यात राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. रोमन लिपीत छापलं, पण मराठीत सांगितलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन वसईत मिस्सा मराठीत आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ मासिक चालवत राहिले आणि 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वेदीवर मराठी आली, व्यासपीठावर आली, आणि त्याच धर्मग्रामांच्या मराठी माध्यमाच्या वर्गांतली मुलं कमी होत गेली. पालकांना इंग्रजी हवी आहे, त्यांना दोष देणं सोपं आहे. मी स्वतःही इंग्रजी माध्यमातच शिकले. तरी आपल्या श्रद्धेची भाषा रविवारी एक आणि सोमवारी दुसरी, या फटीतून काहीतरी सांडतंच.

मला बाहेर उभं करणारी ती सिस्टर तीन वर्षांपूर्वी गेली. निरोप शाळेच्या ग्रुपवर आला आणि आम्ही पंचवीस-तीस जणी चर्चमध्ये पोचलो, निम्म्याहून अधिक पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, दोघी हिजाबमध्ये. कधी उभं राहायचं, कधी गुडघ्यावर यायचं ते आठवत नव्हतं, म्हणून पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे बघून करत होतो. प्रभूभोजनाच्या वेळी फादरांनी माइकवर शांतपणे सांगितलं की पवित्र भाकर फक्त कॅथलिकांनी घ्यावी, इतरांनी जागेवर बसून सिस्टरांसाठी आपापल्या पद्धतीने प्रार्थना करावी. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. उलट आता काय करायचं हे स्पष्ट झाल्याने बरं वाटलं. माझ्या शेजारची, ती ‘बोअर असतं’ म्हणणारी, रांगेत जायला उठली. बाक अरुंद होता. आम्ही गुडघे आत घेतले आणि तिला वाट दिली.